नंदाबाईच्या हाताखालची रेडकं

भाजे गावच्या नंदाबाई तिकोणेने लग्न होऊन सासरी आल्यापासून एकवीस रेडकं मारली होती. सुरी कुणावर चालवली नव्हती. म्हैस व्याली, नर निघाला, की सासू ओसरीवरूनच सांगायची, "बांध त्याला लांब." धारेच्या वेळी रेडकाला आईपाशी सोडायचं, त्याने दोन ढुशा मारल्या आणि म्हशीने पान्हा सोडला की मानेला धरून मागं ओढायचं, तोंडाला मुसकं घालायचं आणि खुंट्याला आवळायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी ते मान टाकायचं. मग म्हैस आटू नये म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायचं. म्हैस ते चाटत राहायची आणि दूध देत राहायची. सगळ्या आळीत हेच चालायचं, त्यामुळे नंदाबाईला त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं. मादी निघाली तर पारडी म्हणून ठेवायची, रेडकू जाऊ द्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

नवरा मारुती छातीच्या दुखण्यानं गेला. म्हशी आधीच विकल्या होत्या. लेक पिंकी कामशेतला दिलेली. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या आता गोठ्याच्या जागेत उभ्या राहायच्या. रिकामं घर नंदाबाईला खायला उठायचं. तेव्हा तिच्या माहेरचा अंबाजी एकदा म्हणाला, की बेगडेवाडी स्टेशनाच्या पलीकडं डोंगराच्या पायाशी गुरांच्या रोगांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे, तो तिथंच कामाला आहे, आणि तिथं जनावरांत वावरलेली बाई हवी आहे. ती मळवलीहून सकाळची लोकल धरून गेली आणि त्याच दिवशी कामाला लागली.

पत्र्याच्या लांब शेडला एकामागोमाग दोन दारं होती. मधल्या जागेत कपडे बदलायचे, गमबूट घालायचे, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि मग आत जायचं. आत सहा रेडकं होती, सगळी नर. गाईच्या वासरांना हात लावला तर गावागावांतून बोभाटा होईल, म्हणून केंद्राने रेडकं धरली होती. ती कुणालाच नको असतात, मागाल तितकी मिळतात. अंबाजीने तिच्या हातात कोमट दुधाची बाटली दिली आणि सांगितलं, प्रत्येकाला सकाळी दोन लिटर, संध्याकाळी दोन.

"ह्यास्नी?" नंदाबाईने विचारलं. "सगळं पाजायचं?"

सगळं पाजायचं होतं. पहिल्या रेडकाने बाटली संपवली, रबरी बोंडी चावत राहिलं आणि मग तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपलं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. तिच्या हाताखालचं एखादं रेडकू पोट भरल्यावर कसं दिसतं हे बावन्न वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा बघत होती. त्या दिवशी परतीची गाडी चुकली तरी तिला काही वाटलं नाही.

महिन्याभरात रेडकं तिच्या गमबुटांचा आवाज ओळखायला लागली. दुसरं दार उघडायच्या आतच रेकायची. ती त्यांच्या गळ्याखाली खाजवायची, कानातल्या गोचड्या काढायची, आणि अंबाजी हसला तरी त्यांच्याशी बोलायची. नावं मात्र तिने ठेवली नाहीत. कानात पिवळे बिल्ले होते, त्यांवर नंबर होते, ती नंबरानेच हाक मारायची.

केंद्रातल्या मोठ्या संशोधक इंद्रायणी मॅडम होत्या. तळेगावच्या, शिक्षकाच्या घरातल्या, चाळिशीच्या, बोलायला अतिशय मऊ. जनावराला सुई टोचायच्या आधी त्या सुई आपल्या तळहातावर ठेवून ती गार नाही ना हे बघायच्या. कामगारांना आपलं काम समजावून सांगायची त्यांना हौस होती. नंदाबाईलाही त्यांनी चहाच्या वेळेला सगळं सांगितलं होतं. माणसाला नागीण होते ना, त्याच कुळातला एक विषाणू गुराढोरांत असतो. नाकातून शिरतो, नाक-डोळे सुजवतो, आणि जनावर बरं झालं असं वाटलं तरी जात नाही. नसांवरून चढत जाऊन कवटीच्या तळाशी नसांची एक गाठ असते, तिच्यात झोपून राहतो. वर्षानुवर्षं झोपतो. आणि एक दिवस उठतो. तो उठतो कशाने, हे मॅडमना शोधायचं होतं.

म्हणून दर काही महिन्यांनी रेडकांच्या नाकात विषाणू सोडायचा, ती आजारी पडायची, बरी व्हायची, दोन महिने थांबायचं आणि मग एक इंजेक्शन द्यायचं. त्या इंजेक्शनने विषाणू जागा व्हायचा. तीन तासांनी अंबाजी शिरेतून दुसरं औषध द्यायचा, त्यावर रेडकू खाली बसायचं, आणि मग मॅडम डोक्यातली ती गाठ काढून धुरासारखी वाफ सोडणाऱ्या थंड टाकीत टाकायच्या. नंदाबाई त्या दिवशी चाऱ्याच्या गोदामात काम काढायची. संध्याकाळी शेड धुतलेली असायची. आठवड्याने नवी रेडकं यायची आणि ती पुन्हा बाटल्या भरायला लागायची. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्षांत तिने चोवीस रेडकं पोटभर वाढवली आणि घालवली. घरी मारलेल्यांपेक्षा ही जास्त झाली, हे तिच्या एकदा मनात आलं. मग तिने ते मनात येऊ दिलं नाही.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. संगणकावर एक नागमोडी रेघ दाखवली. रेडकांच्या नाकातला स्वॅब रोज घेतला जायचा आणि विषाणू झोपलेला असला की त्यात काही निघायचं नाही. पण कधी कधी इंजेक्शन न देताही निघायचा. मॅडमनी चार महिन्यांचे आकडे मांडले, तेव्हा दिसलं की तो नेहमी शुक्रवारी नाही तर शनिवारी निघतो. गुरुवारी असं काय होतं, ते त्यांना कळेना. शेवटी हजेरीपत्रक बघितल्यावर कळलं. नंदाबाई गुरुवारची सुट्टी घेऊन शिरगावला साईबाबांच्या देवळात जायची.

"म्हंजी मी न्हाई म्हनून त्यांचा रोग उठतो?"

"तुम्ही नसता म्हणून ती घाबरतात," मॅडम म्हणाल्या. "घाबरली की रक्तात एक रस उतरतो. त्या रसाची वाट बघणारं एक प्रथिन जनावराच्याच पेशीत असतं. रस मिळाला की ते पेशीच्या गाभ्यात जातं आणि तिथल्या जनुकांना कामाला लावतं. ते जनावराच्या भल्यासाठीच असतं, नंदाबाई, संकटात पळता यावं म्हणून. पण विषाणूने काय केलंय, आपल्या जनुकांच्या सुरुवातीला त्या प्रथिनाला नेमकी बसता येईल अशी जागा ठेवलीय. ते प्रथिन येतं, तिथं बसतं, आणि विषाणूचं जनुक सुरू होतं. आम्ही इंजेक्शनने जे करतो ते तुमच्या रजेने आपोआप होतंय."

"त्यांच्याच अंगातलं त्यांस्नी खातंय म्हना की."

"अगदी तसंच."

नंदाबाईने थोडा विचार केला आणि सांगितलं, की मग ती यापुढे रजा घेणार नाही. शिरगावला कामावर यायच्या आधी पहाटे जाऊन येईल. मॅडम हसल्या. त्यांच्या डोळ्यांत खरा आनंद होता. त्या म्हणाल्या, उलट. मॅडमचा शोधनिबंध तपासणाऱ्या परदेशातल्या परीक्षकांचं म्हणणं होतं की इंजेक्शन हे बाहेरचं, ते काही खरं नव्हे, जनावराच्या स्वतःच्या भीतीने विषाणू उठतो हे दाखवा. मॅडमनी रेडकं टेम्पोत घालून केंद्राच्या आवारातच तीन तास हिंडवली होती, पण नंदाबाई टेम्पोत त्यांच्यामध्ये बसून गेली, त्यामुळे काहीच निघालं नव्हतं. आता उपाय सापडला होता. नव्या सहा रेडकांना आठ दिवसांची असल्यापासून नंदाबाईने एकटीने वाढवायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, स्वॅबसुद्धा तिनेच घ्यायचा. वेळ आली की तिघांपाशी तिने तीन तास बसून राहायचं. उरलेल्या तिघांच्या वेळी जाळीच्या दाराबाहेर उभं राहायचं, त्यांना ती दिसेल, वास येईल, पण जवळ यायची नाही. मग सहाही जणांच्या गाठी काढून बघायच्या.

"तुम्हाला न सांगता करता आलं असतं," मॅडम म्हणाल्या, "पण ते मला पटलं नाही."

"आन मी न्हाई म्हनलं तर?"

"तर इंजेक्शन आहेच. रेडकं जायची ती जाणारच. गोठ्यात राहिली असती तर आठवडाभरही जगली नसती. मुसक्याचं तुम्हीच मला सांगितलंय."

एकदा चहा पिताना तिनेच ते सांगितलं होतं.

तिने ती सहा रेडकं वाढवली. अडीच-तीन महिन्यांनी एका सोमवारी ती तिघांपाशी जाऊन बसली. नऊ वाजता बसली, बारा वाजेपर्यंत बसली. रेडकांनी तिच्या मांडीवर, पाठीवर डोकी टेकली आणि रवंथ करत पडून राहिली. बाराला अंबाजी सुया घेऊन आला. मॅडमनी बजावलं होतं की शेवटपर्यंत जनावर घाबरता कामा नये, म्हणून नंदाबाईने एकेकाच्या गळ्याखाली हात ठेवला आणि औषध भिनेपर्यंत काढला नाही. मंगळवारी ती जाळीबाहेर उभी राहिली. आतल्या तिघांनी पहिला तासभर नुसतं बघितलं. मग रेकायला लागली. दुसऱ्या तासात त्यांनी जाळीला धडका दिल्या, एकाच्या कपाळाचं कातडं सोललं. तिसऱ्या तासात त्यांचा आवाज बसला तरी तोंडं उघडी होती. तिने पाठ फिरवली, तर मॅडमनी हलकेच सांगितलं, की समोर बघा, चेहरा दिसला पाहिजे.

निकाल मॅडमना हवे तसे आले. सोमवारच्या तिघांत विषाणू गाढ झोपलेला होता. मंगळवारच्या तिघांत रेडकाचं ते प्रथिन विषाणूच्या जनुकावर बसलेलं सापडलं आणि जनुक चालू झालेलं होतं. मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले. नंदाबाईला दोन दिले.

पण सहा जनावरं थोडी होतात, असं परीक्षकांनी कळवलं. पुन्हा एकदा आणि मोठ्या संख्येने करून दाखवा. नोव्हेंबरात आठ रेडकं आली.

या खेपेला नंदाबाईने मनाशी एक ठरवलं आणि ते कुणाला सांगितलं नाही. मंगळवारची तिघं तिच्यासाठी रेकली होती, कारण तिने त्यांना लळा लावला होता. ओळखच झाली नाही तर ती गेल्यावर कुणाला काय वाटणार? मरायचं आहेच, तर ते तीन तास तरी टळतील. तिने बाटली बंद केली आणि बादलीतून दूध ठेवायला लागली. जवळ आलेल्याला ढकलून द्यायची. तरी ती येत, बोटं चोखू बघत. तेव्हा तिने शेड धुवायच्या नळीचा हातभर तुकडा कापून घेतला.

पहिल्या दिवशी तिचा हात नीट उठेना. फटका बसला की रेडकू दचकून मागं व्हायचं आणि तिच्याच तोंडाकडं बघायचं. चौथ्या दिवसापासून हात आपोआप उठायला लागला. पुढं पुढं तर ती शेडमध्ये शिरली की नळी हातात असायची, आणि ज्या दिवशी गाडीला उशीर व्हायचा, अंग दुखायचं, त्या दिवशी फटके जोरात बसायचे. हे सगळं रेडकांच्या भल्याचं आहे, असं ती सुरुवातीला स्वतःला सांगायची. काही आठवड्यांनी सांगायचं राहून गेलं.

रेडकं तिला घाबरायची. पण शेडमध्ये दुसरं कुणीच येत नव्हतं. दूध तीच आणायची, पाणी तीच आणायची, दार उघडून उजेडात तीच यायची. सहा नंबरचं रेडकू सगळ्यांत लहान होतं. मार खाऊन कोपऱ्यात जायचं आणि थोड्या वेळाने मान खाली घालून परत तिच्याच पायांशी येऊन उभं राहायचं. तिने त्याला सगळ्यांत जास्त मारलं.

वेळ झाल्यावर नाकात विषाणू सोडला. दोन-तीन आठवड्यांत तो झोपी जायला हवा होता, पण गेला नाही. नाकपुड्या सोलवटलेल्या, आत पांढरे चट्टे, डोळ्यांतून पाण्याची धार. महिना झाला तरी स्वॅबमध्ये विषाणू निघतच होता. तीन नंबर श्वास घेता येईना म्हणून मेलं. मॅडमनी औषधं तपासली, दूध तपासलं, आणि सरतेशेवटी शेडमधल्या कॅमेऱ्यातलं चित्रण काढून बघितलं.

त्यांनी तिला बोलावलं तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. का, एवढंच त्यांनी विचारलं. नंदाबाईने सगळं सांगितलं. आता कामावरून काढतील असं तिला वाटलं आणि त्या विचाराने अंग एकदम हलकं झालं. आठवड्याभरात पिंकीकडे कामशेतला जाऊन राहावं, इथपर्यंत तिच्या मनात येऊन गेलं.

मॅडमनी कोरा कागद ओढला.

"दिवसातून साधारण किती वेळा?"

"काय?"

"मारत होतात ते."

"मोजलं न्हाई मॅडम."

"आता मोजा," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी रागावलेली नाही. तुम्ही जे केलंत ते मला सुचलंही नसतं, आणि सुचलं असतं तरी कुणाला करा म्हणून सांगता आलं नसतं. पण झालंय तर ते वाया नको जायला. रोजच्या त्रासाने विषाणू झोपूच शकत नाही, हे कुणी असं दाखवलेलं नाही."

उरलेल्या सात जणांचे त्यांनी दोन भाग केले. तिघांना बाटली आणि माया पुन्हा सुरू करायची. चौघांना ठरलेल्या वेळी, ठरलेले फटके. साडेदहा, एक आणि चार. प्रत्येकी पाच, मागच्या पुठ्ठ्यावरच, मांसल भागावर, हाडावर नाही. ते दहा दिवस करायचं, मग आठ दिवस थांबायचं, आणि मग जाळी. वरून तपासणीला समिती यायची, तिच्या कागदात नळीचं नाव नव्हतं. हाताळणी, पद्धत अ आणि पद्धत ब, असं होतं. समिती आली, पाणी बघितलं, हवा बघितली, सही करून गेली.

मॅडमशी बोलणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नंदाबाई आली नसती तर कुणी तिला बोलवायला भाज्याला गेलं नसतं. पण ती आली. अंबाजीच्या हाती नळी गेली तर तो कुठंही मारील, आपल्याला निदान कुठं मारायचं ते कळतं, असं तिने मनाशी म्हटलं. दहा दिवस तिने मोजून मारलं. मोजून मारणं तिला आधीच्यापेक्षा सोपं गेलं. पाच झाले की थांबायचं, बाकी कशाचा विचार करायचा नाही.

जाळीचा दिवस आला तेव्हा मार खाल्लेली चौघं आत होती. ती बाहेर उभी राहिली. ही काही रेकायची नाहीत, याची तिला खात्री होती. ज्यासाठी हे सगळं केलं, ते एवढं तरी होईल.

सहा नंबर पहिल्या दहा मिनिटांत रेकायला लागलं. मग उरलेली तिघं. गेल्या खेपेच्या तिघांपेक्षा यांचा आवाज मोठा होता. सहा नंबरने जाळीतून नाक बाहेर काढलं, नाकावरची खपली निघाली, आणि ते तिच्याकडे बघून जीभ काढत राहिलं. दोन तास ती उभी होती. मग तिने कडी काढली आणि आत गेली. खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ते थरथरत होतं. पाच मिनिटांत गप्प झालं आणि तिचं बोट चोखायला लागलं.

मॅडम आल्या, घड्याळात बघितलं आणि सहा नंबरवर काट मारली. आता ते हिशेबात धरता येणार नव्हतं. नंदाबाईने मान वर केली. हिशेबात नाही तर मग ह्याला मी घरी नेते, भाज्याला, असं ती म्हणाली.

"रोग अंगात असलेलं जनावर केंद्राबाहेर जात नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे ते."

अंबाजीने इतर तिघांच्या आधी त्यालाच घेतलं. त्याच्या डोक्यातली गाठ कुणी काढली नाही. ते तसंच भट्टीत गेलं.

नंदाबाईला कुणी कामावरून काढलं नाही. तिने बाटल्या धुवायचं काम मागितलं, तर मॅडमनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की असा हात पुन्हा मिळायचा नाही. रेडकं ज्याला एवढा जीव लावतात असं माणूस त्यांनी दुसरं बघितलं नव्हतं. आठ दिवस ती घरी बसली. नवव्या दिवशी गाडीला आली.

आता तिथं दोन शेड आहेत, अ आणि ब. मधल्या जागेत ती कपडे बदलते. अ शेडमध्ये बाटल्या घेऊन जाते, गळ्याखाली खाजवते, बोलते. मग बाहेर येऊन पाय धुते आणि ब शेडमध्ये जाते. घरी गेल्यावर भाकरी करून खाते आणि तिला झोप लागते. सुरुवातीला अंबाजी तिच्याशी बोलणं टाळायचा, आता तोही टाळत नाही. काम शिकायला बाहेरून विद्यार्थी येतात, त्यांना मॅडम मुद्दाम तिच्याकडे पाठवतात.

या उन्हाळ्यात लोणावळ्याची कोमल नावाची एक मुलगी आली होती. वही घेऊन सकाळपासून नंदाबाईच्या मागे मागे हिंडत होती. अ शेडमधली रेडकं नंदाबाईच्या अंगावर कशी लोटतात ते बघून तिला गंमत वाटली. दोन्हीकडच्या रेडकांत तुम्हाला जास्त कोण ओळखतं, असं तिने विचारलं.

"दोनी सारकीच बोलावत्यात," नंदाबाई म्हणाली.

कोमलने ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, की तुम्हाला स्वतःला कुठली आवडतात. नंदाबाईने तोवर गमबूट चढवले होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. पाहुण्यांना ब शेडमध्ये यायला मनाई आहे, असं तिने कोमलला सांगितलं, औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, आत गेली आणि आतून कडी लावून घेतली.